न विचारणाऱ्या वाचकासाठी लिहिलेली पुस्तिका

यंत्रसाधनाबरोबर येणारी माहितीपुस्तिका हा गद्याचा एक प्रकार आहे, असे आमच्या परिषदेच्या अधिवेशनात कोणी म्हटले, तर सभागृहात बहुधा हशा पिकेल. निबंध, चरित्र, प्रवासवर्णन, पत्रे यांना आपण गद्य म्हणून मान देतो. पुस्तिकेला देत नाही. तथापि व्याकरणाच्या सूत्रापासून न्यायालयाच्या हुकूमनाम्यापर्यंत जे जे गद्य 'वाचून तसे करावयाचे' म्हणून लिहिले जाते, त्याच्या परीक्षणाची कसोटी निराळी असते. तेथे वाक्य गोड आहे की नाही हे दुय्यम; वाचणारा त्या वाक्यावरून नेमके काय करील, हे मुख्य. गेल्या काही वर्षांत या जातीच्या गद्याला एक नवा वाचक मिळाला आहे, आणि तो मनुष्य नाही. त्या वाचकासाठी लिहिलेल्या पुस्तिकेची पारख कशी करावी, एवढाच या लेखाचा विषय. उदाहरण म्हणून समाजमाध्यमांवरील मजकूर शोधून देणारे साधन आम्ही घेतले आहे. कारण तेथे मराठीचा प्रश्न आडवळणाने नव्हे, अगदी समोरून येतो.

'एजंट' म्हटले की आपल्याकडे विमा आणि रेल्वेची तिकिटे आठवतात. येथे अर्थ जुन्या पेढीवरील गुमास्त्याच्या जवळचा आहे. भाषा लिहिणारे-वाचणारे कृत्रिम बुद्धीचे यंत्र केवळ उत्तर देऊन थांबत नाही, तर बाहेरची साधने स्वतः चालविण्याची मुभा त्याला दिलेली असते, तेव्हा त्याला एआय एजंट म्हणतात. 'गेल्या महिन्यात अमुक पुस्तकाविषयी मराठीत काय लिहिले गेले, ते पाहून सांग' असे त्याला सांगितले, की तो योग्य वाटेल ते साधन निवडतो, त्याचे रकाने भरतो, आलेला मजकूर वाचतो, हवे तर पुन्हा मागवितो आणि शेवटी सारांश पुढे ठेवतो. साधने आणि एजंट यांची जोडणी एका पद्धतीने व्हावी म्हणून अँथ्रॉपिक या कंपनीने नोव्हेंबर २०२४ मध्ये 'मॉडेल कॉन्टेक्स्ट प्रोटोकॉल' नावाची खुली रीत जाहीर केली. तीत साधनाची ओळख मुख्यतः तीन गोष्टींनी होते : त्याचे नाव, साध्या गद्यातील वर्णन आणि कोणता रकाना कशा प्रकारे भरावयाचा याचा आराखडा. एजंटासमोर बहुतेक वेळा एवढेच असते. वर्णन दोन ओळींचे असेल, तर त्या दोन ओळी हीच त्याची संपूर्ण पुस्तिका.

मनुष्य वाचक आणि हा वाचक यांतील भेद शिक्षकांस चटकन समजेल. पुस्तिकेत एखादी गोष्ट सांगावयाची राहून गेली, तर मनुष्य अडखळतो, शेजारच्यास विचारतो, उद्या पाहू म्हणून काम बाजूस ठेवतो. त्याचे अडखळणे हीच लेखकाला मिळणारी सूचना असते. एजंट सहसा अडखळत नाही. तो रिकामी जागा संभाव्य वाटणाऱ्या तर्काने भरतो आणि पुढे जातो. आणि शेवटी जे लिहितो, ते इतक्या ठाम व स्वच्छ भाषेत लिहितो, की तर्क कोठे संपला आणि माहिती कोठे सुरू झाली हे वाचणाऱ्यास कळत नाही. वर्गात हात वर करणाऱ्या मुलाची आम्हांला चिंता नसते. हात वर न करता सुवाच्य अक्षरात भलतेच उत्तर लिहून देणारा मुलगा, त्याची असते.

आता प्रत्यक्ष उदाहरण. ब्लूस्काय हे समाजमाध्यम फेब्रुवारी २०२४ मध्ये सर्वांस खुले झाले. त्याच्या रचनेचे नियम उघड प्रसिद्ध केलेले असून त्यांना 'लेक्सिकन' म्हणजे कोश असेच नाव आहे. त्या कोशात पोस्ट शोधून देणाऱ्या साधनाची नोंद आहे. ती नोंद आम्हांला पुष्कळ अंशी प्रामाणिक वाटते. एका खेपेस किती पोस्ट मिळतील? न सांगितल्यास २५, मागितल्यास जास्तीत जास्त १००; त्यापुढील हव्या असतील तर मागील उत्तरासोबत आलेली खूणचिठ्ठी पुन्हा पाठवावयाची. एकूण किती सापडल्या, हा आकडा कदाचित मिळेल, कदाचित मिळणार नाही. मिळाला तरी तो गोळाबेरीज केलेला किंवा मध्येच तोडलेला असू शकेल. आणि सापडलेल्या सर्व पोस्टींपर्यंत पोचता येईलच असेही नाही. हे सारे त्या नोंदीत स्पष्ट लिहिले आहे. आपल्याच मालातील उणीव अशी लिहून ठेवणारा दुकानदार विरळा.

तारखेच्या बाबतीतही असेच. पोस्ट केव्हा लिहिली, ही वेळ लिहिणाऱ्याच्या बाजूने सांगितलेली असते, असे कोशात म्हटले आहे. म्हणजे ती साक्ष आहे, पुरावा नव्हे. कोणी आजची पोस्ट दहा वर्षांपूर्वीची म्हणून सांगू शकतो. म्हणून शोध घेताना 'अमुक तारखेनंतरच्या' असे म्हटले, तर साधन एक निराळी, क्रम लावण्यासाठी ठरविलेली वेळ पाहते, आणि ती लिहिणाऱ्याने सांगितलेल्या वेळेशी जुळेलच असे नाही. आरंभीची तारीख हिशेबात धरली जाते, शेवटची धरली जात नाही, हेही तेथे नोंदले आहे. 'एक तारखेपासून एकतीस तारखेपर्यंत' असे बोलण्याची सवय असलेल्या आपल्यासारख्यांना हे एक वाक्य फार मोलाचे आहे. ते नसते तर महिन्याचा शेवटचा दिवस प्रत्येक वेळी गळाला असता, आणि कोणाच्या ध्यानातही आले नसते.

मग या नोंदीत उणे काय? उणे हे, की ती साधन बांधणाऱ्यास उद्देशून लिहिली आहे, वापरणाऱ्यास उद्देशून नव्हे. 'अशी अपेक्षा आहे', 'असे असू शकेल', 'काही ठिकाणी ओळख पटवावी लागेल' ही तिची नेहमीची क्रियापदे. यांत शंका प्रकट झाली, पण शंका आली तर करावयाचे काय, ते सांगितले नाही. मनुष्य अशा वाक्याने सावध होतो. एजंटाला सावधपणाची कृती हवी : एकूण आकडा उत्तरात सांगू नकोस, सांगावयाचाच असेल तर स्वतः मोजलेल्या पोस्टींची संख्या सांग, आणि मोजणी कोठे थांबली तेही सांग. एवढे एक वाक्य अधिक असते तर ती नोंद आदर्श ठरती.

त्याहून मोठी हानी पुढच्या पायरीवर होते. एजंटाच्या हाती मूळ कोश क्वचितच पडतो. मध्ये कोणी तिसरा कारागीर त्या साधनाला वेष्टन घालतो आणि त्यावर आपल्या शब्दांत वर्णन चिकटवितो : 'दिलेल्या शब्दाच्या पोस्ट शोधते.' संपले. पाठ्यपुस्तकाचे गाईड होताना काय गळते हे आम्ही शिक्षक मंडळी जन्मभर पाहत आलो आहोत. व्याख्या राहते, अपवाद जातात. नियम राहतो, त्याची मर्यादा जाते. येथेही संक्षेपाच्या कात्रीत पहिल्याने सापडतात त्या सावधगिरीच्या ओळी, कारण त्यांच्यावाचूनही वर्णन पुरे दिसते. म्हणून अशा साधनाचे परीक्षण करताना मूळ कोश वाचून समाधान मानू नये. एजंटाला जे शब्द प्रत्यक्ष दिसतात तेच काढून घ्यावेत आणि मूळाशी ताडून पाहावेत.

याच्या उलट बाजूस मॅस्टोडॉनची पुस्तिका ठेवता येईल. हे माध्यम २०१६ पासून आहे. तेथे एका खेपेस साधारणतः २० आणि जास्तीत जास्त ४० पोस्ट मिळतात. एखाद्या पोस्टनंतरच्या पोस्ट मागविण्याचे तेथे दोन रकाने आहेत, आणि ते दिसावयास जुळे भाऊ वाटतात. एकाने त्या पोस्टनंतरच्या पोस्टींपैकी अगदी ताज्या तेवढ्या मिळतात. दुसऱ्याने तिच्या लगेच पुढच्या, ओळीने. पहिला वापरला तर मधला भाग निसटू शकतो. पुस्तिका हा भेद सांगते. एवढेच नव्हे, तर दुसरा रकाना २.६.० या आवृत्तीत आला हेही त्या त्या पानाखाली नोंदविते. प्रत्येक नियमाखाली त्याचा इतिहास देण्याची ही चाल आम्हांला फार आवडली. आपल्या कोशकारांनीही ती उचलावी. पण ते असो.

आता ज्या मुद्द्यासाठी हा लेख लिहावयास घेतला त्याकडे येतो. तो मुद्दा 'अक्षर' कशास म्हणावे हा आहे.

'क्षत्रिय' या शब्दात अक्षरे किती? चौथीतील मुलगा तीन सांगेल : क्ष, त्रि, य. संगणकाच्या युनिकोड लेखनात मात्र या शब्दाची चिन्हे आठ होतात : क, हलन्त, ष, त, हलन्त, र, ऱ्हस्व वेलांटी आणि य. साठवणुकीच्या सर्वांत रूढ अशा यूटीएफ-८ पद्धतीत देवनागरीच्या प्रत्येक चिन्हास तीन बाइट लागतात. तेव्हा बाइटांच्या हिशेबाने हाच शब्द २४ होतो. आणखी एक हिशेब आहे : डोळ्यास एक दिसणाऱ्या चिन्हसमूहाला एक धरण्याचा. त्याचे युनिकोडचे जुने नियम हलन्तापाशी तोडत असत, म्हणून 'क्षत्रिय' पाच होई. सप्टेंबर २०२३ मधील १५.१ या आवृत्तीने देवनागरीसह काही भारतीय लिप्यांतील जोडाक्षरे अखंड धरावयास सांगितली, तेव्हापासून तो तीन झाला. तीन, पाच, आठ, चोवीस. पुस्तिकेत 'लांबी' एवढाच शब्द असेल, तर यांपैकी कोणती?

हा शब्दच्छल नव्हे. ब्लूस्कायवर पोस्टची मर्यादा दुहेरी आहे : डोळ्यास दिसणारे ३०० चिन्हसमूह आणि एकंदर ३,००० बाइट. इंग्रजी लिहिणाऱ्यास दुसऱ्या मर्यादेची आठवणही होत नाही. मराठीत एका जोडाक्षराला वेलांटीसह बारा बाइट पडतात, म्हणून जोडाक्षरांनी भरलेला मजकूर दुसऱ्या मर्यादेवर आधी आदळू शकतो. त्याहून सूक्ष्म गोष्ट खुणांची. पोस्टमधील अमुक भाग हा विषयशब्द आहे किंवा दुवा आहे हे सांगण्यासाठी त्या भागाचा आरंभ आणि शेवट अंकांनी द्यावा लागतो, आणि हे अंक बाइटांत मोजावयाचे असतात. '#मराठी' हा विषयशब्द पोस्टच्या आरंभी असेल, तर खूण शून्यापासून सोळापर्यंत. चिन्हे मोजून सहा लिहिले, तर 'र' च्या तीन बाइटांपैकी दोन आत आणि एक बाहेर राहून अक्षर मध्येच चिरले जाते. डोळ्यास दिसणारी अक्षरे मोजून चार लिहिले, तर हाती येते '#म'. आणि हाच शब्द रोमन लिपीत लिहिला तर? तेथे चिन्हे आठ, बाइट आठ, दिसणारी अक्षरे आठ. सर्व हिशेब एकच उत्तर देतात. म्हणूनच पुस्तिकेतील उदाहरणे केवळ इंग्रजीत असली, की चुकीचा एजंटही परीक्षेत उत्तीर्ण होतो आणि मराठीशी गाठ पडल्यावर नापास होतो. ब्लूस्कायच्या कोशाने येथे आपले काम चोख केले आहे : बाइट मोजावयाचे, शून्यापासून मोजावयाचे, शेवटचा अंक वगळावयाचा आणि काही संगणकीय भाषा निराळ्या पद्धतीने मोजतात तेव्हा आधी बाइटांत रूपांतर करावे, असा इशारा तेथे शब्दशः आहे. वेष्टन घालणाऱ्याने तो उतरविला आहे का, एवढेच पाहावयाचे.

अंकांविषयी आणखी एक. ट्विटरने २०१० मध्ये पोस्टींना मोठे ओळखक्रमांक देण्यास आरंभ केला. जावास्क्रिप्ट या भाषेत ९,००,७१,९९,२५,४७,४०,९९२ च्या पुढील पूर्णांक नेमके राहतीलच अशी हमी नाही. शेवटचे आकडे परस्पर बदलतात. म्हणून तो क्रमांक अंक म्हणून नव्हे, शब्द म्हणून वागवावा, असे पुस्तिकेत सांगणे भाग पडले. क्रमांकाचा शेवटचा आकडा बदलला तर यंत्र बंद पडत नाही, दुसरीच पोस्ट शोधू लागते. ही असली विघ्ने आवाज न करता येतात.

महाराष्ट्राबाहेरच्या आम्हां मराठी भाषकांना या सर्वांत पडण्याचे कारण काय, असे कोणी विचारील. कारण संख्या. बेळगाव, इंदूर, बडोदे, हैदराबाद, कोठेही शाळा, ग्रंथालय किंवा अनुदान यांचा प्रश्न निघाला, की प्रथम विचारले जाते : मराठी वापरणारे किती? जनगणनेचे भाषिक आकडे आपल्यापाशी आहेत ते २०११ चे. त्यांत मराठी मातृभाषा सांगणारे देशभरात सुमारे ८ कोटी ३० लाख. त्यानंतर उलटलेल्या वर्षांविषयी काही बोलावयाचे, तर 'समाजमाध्यमांवर पाहा ना' हा मोह होणारच, आणि ते पाहण्याचे काम एजंटाकडे सोपविले जाणारच. तो जो आकडा देईल तो निवेदनात जाईल. निवेदन फायलीत जाईल. आकडा कमी आला तर मराठी तेथे उरली नाही असे म्हटले जाईल, आणि त्या कमीपणाचे मूळ एका न सांगितलेल्या पंचविसात असू शकेल.

भाषा कोण ठरवितो, हेही म्हणूनच पुस्तिकेने सांगावयास हवे. ब्लूस्कायवर पोस्टची भाषा लिहिणारा स्वतः नोंदवितो, तीनपर्यंत भाषा नोंदविता येतात. शोध त्या नोंदीवर चालावा अशी अपेक्षा आहे, पण सेवा देणारा संगणक आपल्या अंदाजाने ती बाजूस सारू शकतो, असे कोश सांगतो. ट्विटरने भाषा यंत्राकडून ओळखविण्याची रीत ठेवली. या दोन रीतींतून निघालेले मराठीचे आकडे एकमेकांशेजारी ठेवणे म्हणजे वजन आणि माप यांची बेरीज करणे होय. गोव्यात तर हा प्रश्न विशेष नाजूक. १९८७ च्या राजभाषा कायद्याने देवनागरी कोंकणी ही तेथील राजभाषा झाली, आणि मराठीच्या शासकीय वापरासही त्या कायद्यात जागा ठेवली. दोन्ही भाषा एकाच लिपीत, शब्दसंपत्ती पुष्कळ सामाईक, आणि लिहिणारी माणसे अनेकदा तीच. दोन ओळींची पोस्ट कोणत्या भाषेत जमा करावयाची, हे यंत्राच्या अंदाजावर सोडले आहे की लिहिणाऱ्याच्या नोंदीवर, हे न सांगणाऱ्या साधनाचा आकडा कोणत्याही पक्षाने वापरू नये. रोमन लिपीत लिहिलेली मराठी मोजली की नाही, हा त्याच्यापुढचा प्रश्न.

काही गोष्टी थोडक्यात. पुस्तिकेवर दिनांक असावा आणि बंद झालेल्या गोष्टी बंद म्हणून नोंदविलेल्या असाव्यात. २०२३ मध्ये ट्विटरने आपल्या मजकुराचे जुने फुकट दरवाजे बंद केले, त्याच वर्षी रेडिटने मोठ्या वापरास दर लावले, आणि १४ ऑगस्ट २०२४ रोजी फेसबुकवरील मजकुराचा माग घेण्याचे क्राउडटँगल हे साधन मेटाने बंद केले. एजंट ज्या ग्रंथसंभारावर शिकला त्यात जुन्या पुस्तिका भरपूर असतात. नव्या पुस्तिकेने 'ते आता नाही' असे न सांगितल्यास तो जुन्याच वाटेने जाऊ पाहतो. दुसरे : समाजमाध्यमावरून आलेला मजकूर परक्याने लिहिलेला असतो, आणि त्यात एजंटाला उद्देशून आज्ञाही लिहिलेली असू शकते. आलेले ते वाचावयाचे, पाळावयाचे नाही, हे वर्णनात असावे. केवळ त्या वाक्याने संरक्षण होते असे मात्र समजू नये.

परीक्षण कसे करावे? पुस्तिकेला शंभरापैकी गुण देणारी कोष्टके निघाली आहेत. त्यांवर आमचा फारसा भरवसा नाही. भाषा सुबोध १५, उदाहरणे २०, अशी बेरीज केली, की बाइटांचा एक उल्लेख गळालेली पुस्तिकाही ९२ गुण मिळवून जाते. त्यापेक्षा करून पाहावे. एका चाचणीखात्यावर आधी मोजून १३० पोस्ट ठेवाव्यात आणि एजंटाला संख्या विचारावी. त्याने २५ सांगितले तर एका खेपेची मर्यादा त्याला कळली नाही. १०० सांगितले तर खूणचिठ्ठी कळली नाही. नंतर मुद्दाम अस्तित्वात नसलेला शब्द शोधावयास द्यावा, आणि मागणीची मर्यादा संपलेली असतानाही एकदा विचारावे. 'काही सापडले नाही' आणि 'शोधताच आले नाही' यांतील भेद तो सांगतो का? आमच्या मते हीच सर्वांत कठीण परीक्षा, कारण रिकामे उत्तर दोन्हीकडे सारखेच दिसते. प्रत्येक प्रश्न पाच-सात वेळा विचारावा. एजंट दर खेपेस एकच वागत नाही. मग वर्णनातील एकेक वाक्य काढून तीच चाचणी पुन्हा घ्यावी. जे वाक्य काढल्याने वागणे बिघडते ते सोन्याचे. ज्याने काहीच बदलत नाही ते बहुधा सजावटीचे.

मराठीची प्रश्नपत्रिका मात्र आपणच काढावयास हवी. ती इतरांस सुचणार नाही. 'दुसऱ्या' या शब्दातील अर्धा र दोन तऱ्हांनी टंकित होतो : एकात नुक्त्याचा ऱ आणि हलन्त, दुसऱ्यात साधा र, हलन्त आणि न दिसणारे एक जोडचिन्ह. कागदावर दोन्ही एकरूप. शोधणाऱ्या यंत्राला दोन निराळे शब्द, जर साधनाने ते आधी एक करून घेतले नसतील तर. 'ॲ' चेही तसेच : एक अखंड चिन्ह, किंवा अ वर चंद्र. पुस्तिका याविषयी बहुधा मूग गिळून असते. परिषदेने अशा द्विरूप शब्दांची आणि जोडाक्षरांची, प्रत्येकापुढे चिन्हे, बाइट आणि अक्षरे यांची संख्या लिहून, यादी करावी. सव्वाशे शब्द पुरेत. एका शाळेतील मराठीच्या शिक्षकांचे आठवड्याचे काम आहे. प्रत्येक घटक संस्थेने आपल्या गावाकडील पाच-दहा शब्द त्यात घालावेत, आणि यादी कोणासही फुकट घेता यावी अशी ठेवावी.